साभार परत, पण वाचून

प्रकाशकाकडे आलेले हस्तलिखित छापायचे की नाही, हे ठरवण्याची एक रीत असते. ती बंद दाराआड चालते. तिचे कागद बाहेर येत नाहीत आणि परत जाणाऱ्या हस्तलिखितासोबत बहुतेक वेळा दोन ओळींचे पत्र तेवढे जाते. या अंधारामुळे मराठी लेखकवर्गात एक समज घट्ट रुजला आहे. संमेलनाच्या मांडवात आणि तालुक्याच्या वाचनालयातल्या काव्यवाचनात तो सारख्याच खात्रीने बोलला जातो. प्रकाशक हस्तलिखित वाचतच नाहीत. वाचलेच तर पहिली चार पाने चाळतात. ओळख असेल, नाव असेल किंवा खिशात पैसे असतील त्याचेच छापतात. जगातल्या मोठमोठ्या पुस्तकांना आधी नकारच मिळाले, तेव्हा नकार देणाऱ्यांना काही कळत नाही हे उघडच आहे. आणि आता छपाई आवाक्यात आल्यावर ही मधली माणसे हवीत कशाला? वाचक काय ते ठरवील. हा समज दिसायला बंडखोर आहे. प्रत्यक्षात तो लेखकाचेच नुकसान करतो, कारण परत आलेली पाने पुन्हा उघडून पाहण्याची गरजच तो संपवून टाकतो.

वाचतच नाहीत, हा यातला सगळ्यात मोठा आरोप. म्हणून आधी हस्तलिखिताचा प्रवास पाहावा लागतो. ते आवक वहीत नोंदले जाते, किंवा आता ईमेलच्या यादीत चढते. पहिली चाळणी विषयाची असते. शालेय आणि विज्ञानविषयक पुस्तके काढणाऱ्याकडे गझलसंग्रह आला, तर तो न वाचता परत जातो आणि तसाच जायला हवा. त्या प्रकाशकाकडे गझल तपासणारा माणूस नसतो, ती खपवण्याची वाट नसते, तिचा वाचक त्याला ठाऊक नसतो. असे न वाचता गेलेले नकार खरेच असतात. पण प्रकाशकाची यादी न पाहता पाकीट पाठवणाऱ्याने त्याचे खापर प्रकाशकावर का फोडावे?

विषयाच्या चाळणीतून खाली आलेले हस्तलिखित परीक्षकाकडे जाते. हा परीक्षक कधी घरचा संपादक असतो. मराठीत तो पुष्कळदा बाहेरचा असतो : एखादा प्राध्यापक, लेखक, भाषांतरकार किंवा त्या विषयातला जाणकार. त्याला मानधन मिळते ते घालवलेल्या वेळाच्या मानाने तुटपुंजे असते. तो पेन्सिल घेऊन बसतो आणि दोन-तीन पानांचा अभिप्राय लिहितो. कादंबरीवरचा असा अभिप्राय साधारण कसा असतो, हे माहीत असलेला माणूस वाचतच नाहीत असे म्हणू शकणार नाही. कथानक पाच-सहा ओळींत सांगून परीक्षक पानांच्या आकड्यांवर येतो. निवेदक अकराव्या पानापर्यंत कोकणी वळणाचे मराठी बोलतो, पुढे ते वळण नाहीसे होते. जी आत्या ६०व्या पानावर वारली, ती १४०व्या पानावर लग्नात अक्षता टाकते आहे. गिरणी संपाची तीन प्रकरणे नुसती माहिती सांगतात, त्यात एकही पात्र जिवंत नाही. मात्र चाळीतल्या नळाच्या रांगेचे प्रकरण एवढे चांगले आहे की लेखकाने सगळी कादंबरी त्या उंचीवर नेली तर ती जरूर घ्यावी. शेवटी तीनपैकी एक शिफारस असते : घ्यावी, बदल करून पुन्हा मागवावी, परत करावी. दोन परीक्षकांचे एकमत झाले नाही, तर तिसऱ्याकडे जाते.

हा अभिप्राय लेखकाला दाखवत नाहीत, ही तक्रार नेहमीची आहे. पण तो लिहिलेला असतो प्रकाशकासाठी. परीक्षकाचे नाव फुटणार असेल, तर पुढच्या वेळी तो मनापासून लिहिणार नाही. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्या गावात मोकळे मत मिळायचे तर ते झाकूनच ठेवावे लागते, आणि मराठी साहित्यव्यवहार हे तसेच एक छोटे गाव आहे. मान्य करण्यासारखी एकच गोष्ट येथे उरते. हस्तलिखित पोहोचले आणि त्याचा निर्णय अमुक महिन्यांत कळेल, एवढे कळवणे हे प्रकाशकाचे कर्तव्य आहे. ते न करणारे चुकतात. पण उत्तर न देणे हा व्यवहारातला दोष आहे. त्यावरून वाचलेच नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

आता चार पाने चाळण्याचा मुद्दा. शितावरून भाताची परीक्षा होते, हे ज्या भाषेने सांगितले त्या भाषेच्या लेखकांना एवढे कळायला हरकत नसावी. पहिल्या वीस पानांत भाषा कळते, नजर कळते, लेखकाने स्वतः काही वाचले आहे की नाही ते कळते. वाक्यच उभे राहत नसेल, तर उरलेली २०० पाने ते उभे करणार आहेत काय? थोड्या पानांवरून नकार ठरू शकतो. होकार मात्र शेवटच्या पानाशिवाय कधीच ठरत नाही, कारण रचना आणि शेवट पूर्ण वाचल्याखेरीज कळत नाही. आणि सुरुवात कच्ची असली तरी कसलेला वाचक पुढे जातो, याचे सगळ्यांत बोलके उदाहरण लंडनच्या ‘फेबर अँड फेबर’मध्ये घडले.

१९५३ साली सॉल्झबरीतल्या एका शाळामास्तराची कादंबरी तिथे आली. अनेक प्रकाशकांकडून फिरून आल्यामुळे तिचे कागद पिवळट पडले होते आणि कोपरे दुमडले होते. फेबरच्या पगारी वाचक बाईंनी ती नीरस आणि निरर्थक ठरवली आणि सोबतच्या पत्रावरच तसा शेरा मारून नकाराच्या ढिगात टाकली. चार्ल्स माँटीथ हा माणूस प्रकाशनात नुकताच आला होता, मूळचा कायद्याचा. त्याने ती ढिगातून उचलली. सुरुवातीची पाने अणुयुद्धाच्या वर्णनाची होती आणि ती त्यालाही भावली नाहीत. तो पुढे वाचत गेला. मुले बेटावर पोहोचली आणि पुस्तक त्याच्या हातून सुटेना. मग त्याने लेखकाला बदल सुचवले : युद्धाची सुरुवात काढून टाकावी, सायमन या मुलाभोवतीचे दैवी वलय फिके करावे. लेखकाने ते केले. ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम विदिन’ हे मूळ नावही बदलले आणि १९५४ साली विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ बाहेर आली. गोल्डिंग यांना १९८३ मध्ये नोबेल मिळाले.

नकाराच्या कहाण्या सांगणारे ही कथा शेऱ्यापाशीच थांबवतात. पुढचे सांगत नाहीत. शेरा मारणारी बाई ज्या संस्थेत होती, त्याच संस्थेत दुसरी नजर होती. एकाच्या मतावर दुसऱ्याने फेरविचार करावा, अशी सोय तिथे होती. ‘डबलडे’च्या पॅरिस कचेरीत ज्युडिथ जोन्स या तरुणीने परत करायच्या गठ्ठ्यातून एका मुलीची रोजनिशी उचलली, तेव्हा असेच घडले. अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीची अमेरिकी आवृत्ती १९५२ साली निघाली. या दोन्ही पुस्तकांना वाचवले ते प्रकाशन संस्थेत बसून हस्तलिखिते वाचणाऱ्या माणसांनी. ज्या व्यवस्थेने चूक केली आणि तीच दुरुस्तही केली, तिच्या अर्ध्याच इतिहासावर खटला कसा चालवायचा?

नकारांच्या या प्रसिद्ध यादीकडे जरा जवळून पाहिले, तर वाचलेच नाही या आरोपाला तिच्यात फार थोडा आधार सापडतो. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ला १९४४ मध्ये फेबरतर्फे टी. एस. एलियट यांनी नकार दिला. त्यांनी पुस्तक वाचले होते, त्याच्या लेखनाची तारीफही केली होती. सोव्हिएत रशिया तेव्हा ब्रिटनचा मित्र होता आणि पुस्तकाचा राजकीय दृष्टिकोन त्यांना पटला नव्हता. जोनाथन केप यांनी तर छापायचे मनात आणले होते, पण सरकारच्या माहिती खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सल्ल्यानंतर ते मागे हटले. ‘सेकर अँड वॉरबर्ग’ने ते १९४५ मध्ये काढले. ही वाचून, समजून आणि घाबरून दिलेली उत्तरे होती.

मराठीतला याहून बोचरा दाखला १८५५चा आहे. जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी इंग्रज सरकारने स्थापलेली ही समिती हस्तलिखिते तपासून बक्षिसे देत असे. अडाणी कुणबी जोडप्याला भट कसा नाडतो, हा नाटकाचा विषय. समितीने ते नाकारले आणि ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, हे फुले यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवले. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे मराठी वाचकापासून एक नाटक दूर राहिले, हा अन्याय आहे आणि त्याला दुसरे नाव नाही. पण ते न वाचल्यामुळे नाकारले गेले काय? ते नीट वाचले गेले, त्याचा अर्थ नीट कळला आणि म्हणूनच ते नाकारले गेले. तिथे दुखणे परीक्षणाचे नव्हते. परीक्षकांत वर्चस्व एकाच जातीच्या आणि एकाच हिताच्या माणसांचे होते, हे ते दुखणे. फुले यांनी बोट ठेवले ते नेमके तिथेच. आजचा समज त्यांचे नाव घेतो आणि त्यांचे निदान विसरतो.

नकाराच्या या कहाण्यांत खरोखर हलगर्जीची म्हणावी अशी कहाणी मार्सेल प्रूस्त यांची आहे. आंद्रे जीद आणि त्यांच्या ‘एनआरएफ’ प्रकाशन मंडळाने १९१२ साली लेखकाविषयीच्या पूर्वग्रहापोटी त्यांच्या कादंबरीचा पहिला खंड नाकारला. प्रूस्त यांना तो १९१३ मध्ये पदरच्या पैशाने ‘ग्रासे’कडून छापून घ्यावा लागला. जीद यांनी १९१४च्या जानेवारीत पत्र लिहून ही आपली घोर चूक असल्याचे कबूल केले. त्याच मंडळाने प्रूस्त यांना परत आणले आणि १९१९ साली तिथूनच निघालेल्या दुसऱ्या खंडाला गाँकूर पारितोषिक मिळाले. चुकीची एवढी उघड कबुली आणि एवढी प्रत्यक्ष भरपाई किती व्यवसायांत पाहायला मिळते?

ओळखीचा आरोप यापेक्षा जिव्हारी लागणारा आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. नामवंत लेखकाचे हस्तलिखित आधी उघडले जाते, हे खरे. त्याच्या मागच्या पुस्तकाचा वाचक ठाऊक असतो, म्हणून धोका कमी असतो. पण आधी उघडले जाणे आणि स्वीकारले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोसेफ कॉनरॅड हा पोलिश खलाशी. इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा आणि लंडनच्या साहित्यवर्तुळात त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याने १८९४ साली ‘ऑलमेयर्स फॉली’चे हस्तलिखित फिशर अन्विनकडे पाठवले. डब्ल्यू. एच. चेसन आणि एडवर्ड गार्नेट या तिथल्या दोन वाचकांनी ते उचलून धरले आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना तर ज्यांचे एकही पुस्तक नाही त्यांच्यासाठीच आहे. तिथे हस्तलिखित तपासले जाते ते नाव नसलेल्या माणसाचेच.

मराठीत हा वाद सर्वांत तीव्रपणे ‘सत्यकथा’ मासिकाभोवती पेटला. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन हे मराठीतल्या हस्तलिखित-परीक्षणाचे सर्वांत काटेकोर रूप होते. कथा परत जाई ती पत्रासह. कुठला परिच्छेद सैल आहे, शेवट कुठे आधीच झाला आहे, हे त्यात सांगितलेले असे. कथा पुन्हा लिहून पाठवा, पुन्हा पाहू, असे कळवून दोनदा-तीनदा फेरलेखन करून घेतले जाई. हे वाचन नव्हे तर काय? तरीही या साच्यात बसणार नाही असे जगणे आणि अशी भाषा महाराष्ट्रात होती, आणि १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. तो निषेध साच्याविरुद्ध होता आणि तो व्हायलाच हवा होता.

पण त्यानंतर काय झाले हे महत्त्वाचे आहे. ‘सत्यकथे’ला आव्हान देणाऱ्या अनियतकालिकांच्या चळवळीतून आलेल्या अशोक शहाणे यांचे ‘प्रास प्रकाशन’ काय छापते आणि कसे छापते याबद्दल विलक्षण चोखंदळ निघाले. अरुण कोलटकर यांच्या १९७७च्या कवितासंग्रहापासून २००३च्या ‘भिजकी वही’पर्यंतची पुस्तके त्यांनी काढली. ‘ग्रंथाली’ने १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ छापले. तिथेही कोणीतरी हस्तलिखित वाचले, त्याची किंमत ओळखली आणि ते छापायचे ठरवले. एका चाळणीला उत्तर म्हणून दुसरी चाळणी उभी राहिली. चाळणीच नको, असे त्या पिढीतल्या कर्त्या माणसांनी कधी म्हटले नाही.

पैशाचा भाग थोडक्यात उरकता येतो. समजा २०० पानांचे, ३०० रुपये किमतीचे पुस्तक हजार प्रती काढले. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की प्रकाशकाच्या हाती प्रतीमागे १८० रुपये येतात. कागद, छपाई, बांधणी यांना प्रतीमागे ८० रुपये धरले तर ८० हजार रुपये आधीच गेले. पाचशे प्रती खपल्या तर ९० हजार रुपये जमा, त्यातून किमतीच्या १० टक्क्यांप्रमाणे लेखकाचे १५ हजार वजा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, गोदामाचे भाडे आणि पगार धरायच्या आधीच पाच हजारांचा तोटा. हा हिशेब प्रत्येक हस्तलिखितापुढे मांडावा लागतो. चांगले हस्तलिखित यामुळेही परत जाते, आणि त्यात लेखकाचा अपमान नसतो. ज्याला हा तोटा सोसायचा आहे, त्याला निवडीचा हक्क नसावा काय?

राहिला वाचक ठरवील हा शेवटचा मुद्दा. पैसे भरून पुस्तक छापून घेणाऱ्या मराठी लेखकाच्या घरी पलंगाखाली आणि माळ्यावर खोकी असतात. प्रकाशन समारंभात शंभरेक प्रती वाटल्या जातात, उरलेल्या वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि पावसाळ्यात खालच्या थराला बुरशी धरते. त्या प्रतींबद्दल वाचकाने काहीच ठरवलेले नसते, कारण त्या वाचकापर्यंत पोचलेल्याच नसतात. याहून गंभीर म्हणजे छापण्याआधी त्या पुस्तकाला कोणी नाही म्हटलेले नसते. पैसे घेणारा नाही म्हणत नाही. घरचे म्हणत नाहीत. मित्र प्रस्तावना लिहून देतात. साठाव्या पानावर वारलेली आत्या छापील पुस्तकातही अक्षता टाकत राहते.

नाही म्हणणाऱ्या माणसाने काय होते, हे वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल अशी एक दुर्मीळ जोडी उपलब्ध आहे. हार्पर ली यांनी १९५७ मध्ये ‘लिपिनकॉट’कडे एक कादंबरी दिली. टे होहॉफ या संपादक बाईंना तिच्यातली प्रतिभा दिसली आणि ते पुस्तक झालेले नाही हेही दिसले. दोन वर्षांहून अधिक काळ फेरलेखन चालले आणि १९६० मध्ये ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ निघाले. आधी दिलेली ती कादंबरी ‘गो सेट अ वॉचमन’ या नावाने २०१५ मध्ये जशीच्या तशी प्रसिद्ध झाली. ‘वॉचमन’मध्ये मोठी झालेली मुलगी गावी परतून वडिलांशी भांडते. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये तीच मुलगी लहान आहे आणि सगळे गाव तिच्या डोळ्यांतून दिसते. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. बंद दाराआड काय चालते, याचा एवढा उघडा पुरावा दुसरा मिळणे कठीण.

हस्तलिखिते वाचली जातात. ती चुकीचीही वाचली जातात, आणि चूक सुधारते ती आणखी कोणीतरी वाचल्यामुळे. तेव्हा लेखकांनी प्रकाशकांना जाब जरूर विचारावा, पण योग्य तो. तुमच्याकडे हस्तलिखित किती जण वाचतात? ते कुठल्या जिल्ह्यांतले, कुठल्या समाजांतले, कुठल्या वयाचे आहेत? त्यांत बायका किती? त्यांना पुरेसे मानधन मिळते काय? पोच किती दिवसांत देता आणि निर्णय किती महिन्यांत? हे प्रश्न संमेलनाच्या व्यासपीठावरून विचारावेत आणि उत्तरे मिळेपर्यंत विचारत राहावे. आणि साभार परत आलेले पाकीट माळ्यावर टाकण्याआधी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून एकदा वाचावे.